बर्फ आज गप्प आहे

२ जानेवारी, गुरुवार
नवं वर्ष, नवी रोजनिशी. संकल्प एकच, पण दणदणीत: मार्चमधली पिझ ग्लूना शिखराची सहल यंदाही मीच नेणार. बाकीचे संकल्प सुचतील तसे.

आमचा जुना म्होरक्या कुर्दिन गेला तेव्हापासून गुरुवारच्या मंडळींच्या पुढे मी असतो. आम्ही सगळे पेन्शनीतले. दर गुरुवारी चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, डोंगर चढायचा, वर बसून वाळवलेलं मांस नि पाव खायचा आणि पट्ट्या काढून घसरत घरी यायचं. पुढच्या माणसाने ताज्या बर्फात वाट पाडायची, उतार पारखायचा, जायचं की परतायचं ते ठरवायचं. मागच्यांनी मागून यायचं आणि कुरकुरायचं. मार्चची ग्लूना म्हणजे वर्षाचा मान. तिथे पुढे कोण होतं, हे गाव पुढच्या मार्चपर्यंत बोलत राहतं.

बायकोला, मेंगियाला, संकल्प वाचून दाखवला. ती म्हणाली, आधी कान तपासून घे, मग डोंगर तपास. मी म्हटलं, माझे कान ठणठणीत आहेत, हल्ली लोकच पुटपुटतात. त्यावर ती काहीतरी पुटपुटली.

९ जानेवारी, गुरुवार
लेकीने, फाद्रिनाने, फोनमध्ये बर्फाच्या निरीक्षणांचं ते ॲप घालून दिलं. आपण डोंगरावर काय पाहिलं ते त्यात लिहायचं. कुठे लोट कोसळला, बर्फाला तडे दिसतात का, वाऱ्याने बर्फ कुठे साचवलाय. ते वाचून हिमस्खलनाचं रोजचं बुलेटिन काढणारे धोक्याची पातळी ठरवतात. म्हणजे इतकी वर्षं माझ्यासारख्या माणसाची नजर वायाच जात होती!

आज आमच्या खिडकीसमोरच्या नायराचं पहिलं निरीक्षण पाठवलं: "नायराचा उतार प्रसन्न. सकाळच्या उन्हात न्हालेला. किंचित अबोल."

संध्याकाळी फाद्रिनाचा फोन. पोरगी शेजारच्या खोऱ्यात स्की-गस्तीवर असते आणि गावाच्या हिमस्खलन समितीतही बसते, त्यामुळे तिचा आवाज अलीकडे सरकारी झालाय. म्हणाली, बाबा, 'प्रसन्न' अशी पातळी नसते. एक ते पाच असते. मी म्हटलं, मग दीड लिही. म्हणाली, बाबा, तू काही पाहिलंस की नुसता बघत बसलास?

या पिढीला काव्य शिकवलंच नाही.

१० जानेवारी
रात्रभर चौथीतली कविता आठवत होतो. कुओरात मास्तर टेबलावर छडी वाजवत म्हणून घ्यायचे. शेवटी पहाटे सापडली:

बर्फ बोले हळूहळू,
कान देई त्या लागे कळू;
वारा फसवी, ऊन फसवी,
डोंगर कोणा ना भुलवी.

सगळं हिमविज्ञान चार ओळींत. पोस्टाची पिवळी बस चालवत होतो तेव्हा घाटात प्रवाशांना माईकवर म्हणून दाखवायचो. प्रत्येक आंधळ्या वळणावर आधी भोंगा, मग एक ओळ. अख्खी नोकरी त्या भोंग्याखाली बसून काढली. कान असा तयार होतो.

१६ जानेवारी, गुरुवार
त्रस्त. कारण: झोलिंगर.

हा झ्युरिकचा दातांचा डॉक्टर. निवृत्त होऊन आमच्या गावात राहायला आला, त्याला आता बरीच वर्षं झाली. पाठीवर फावडं, करवत, थर्मामीटर, भिंग. जिथे आम्ही दम खायला थांबतो तिथे हा बर्फात खड्डा खणतो, आत डोकं घालतो आणि म्हणतो, खाली एक कच्चा थर आहे, साखरेसारखा भुसभुशीत, वरचं सगळं त्यावर नुसतं टेकलंय. दर गुरुवारी त्याला डोंगराला कीड लागलेली सापडते. धंद्याची सवय, दुसरं काय!

आणखी एक. आमच्याकडे रीत अशी की दोन हजार मीटरच्या वर गेलं की सगळे एकमेकांना 'तू'. खाली गावात परत 'तुम्ही'. झोलिंगर खाली अगदी गोड असतो: लिनार्डसाहेब, तुम्ही पुढे व्हा. वर गेला की: लिनार्ड, तू ऐकत का नाहीस रे? आज मुद्दाम एकोणीसशेवरच जेवायला थांबवलं. निमूट सूप प्याला.

२३ जानेवारी, गुरुवार
खड्डा काही झोलिंगरची मक्तेदारी नाही. मीही खणला. डोंगरावर जायला आज वारा फार, म्हणून घरामागेच, कोपऱ्यावरच्या ढिगात. उत्तम थर लागले. दगडासारखे घट्ट. फावड्याचा दांडा आपटून पाहिला, हलायला तयार नाही. मधे एक राखाडी पट्टा, त्याखाली नारिंगी ठिपके. सहारा वाळवंटाची धूळ! आफ्रिकेहून वाऱ्यावर बसून आमच्या दाराशी! डोळे भरून आले.

निरीक्षण पाठवलं, फोटोसकट: "बर्फ पायापासून भक्कम. मार्चपर्यंत चिंता नको."

संध्याकाळी
फाद्रिना. म्हणाली, बाबा, तो ढीग नगरपालिकेच्या यंत्राने गल्लीतून उडवलेल्या बर्फाचा आहे. राखाडी आहे ती रस्त्याची खडी, आणि नारिंगी आहे ती संत्र्याची साल. मागे कोणीतरी हसत होतं. बहुधा अख्खी गस्त.

मी म्हटलं, खडी असली तरी थर भक्कम होता की नाही? म्हणाली, हो, तुझ्यासारखाच. हे कौतुक असावं.

३० जानेवारी, गुरुवार
तीन दिवस बर्फ आणि वारा. बुलेटिनने चार सांगितलं. गावच्या खाणावळीत, क्रुशमध्ये, बसून जवाचं सूप. कोणी बाहेर पडायचं नाव काढेना. बेकरीवाली आन्नेता म्हणाली, लिनार्ड, तुमची ती कविता म्हणा, तेवढाच वेळ जाईल. म्हटली. तिसऱ्या ओळीवर ती उठून बिल द्यायला गेली. कविता आवडली की माणसाला एकांत लागतो.

चर्चच्या घंटा हल्ली फार हळू वाजवतात. तक्रार लिहायला हवी.

६ फेब्रुवारी, गुरुवार
आजचा दिवस नीट लिहून ठेवायला हवा, कारण लोक उगाच काहीबाही सांगत सुटतील.

निळं आकाश. वारा पडलेला. आम्ही सहाजण ग्लूनाच्या अलीकडच्या टेकाडावर. मी पुढे. नवा बर्फ गुडघाभर, मी लयीत वाट पाडतोय, मनात ओळी. सगळीकडे कसा मंगल शांतपणा. बर्फ माझ्याशी बोलत असता तर म्हणाला असता, ये.

मागे वळून बघतो तर मंडळी गायब! सगळे खाली झाडांच्या कडेला, एकेक करून, भराभर मागे सरकतायत. दमले. एवढ्याशा चढाला! झोलिंगर दोन्ही हात हलवत होता. आन्नेता तोंडाशी हात धरून काहीतरी ओरडत होती. मला वाटलं, शाबासकी देतायत. मीही काठी उंचावली. मग ते आणखी जोरात हात हलवायला लागले, मीही आणखी जोरात. किती वेळ हे चाललं कोण जाणे.

माझ्या स्कीच्या पुढून एक बारीक रेघ आडवी गेलेली होती, पार टेकाडाच्या टोकापर्यंत. कालचं कोणीतरी गेलेलं असणार.

शेवटी झोलिंगरच वर आला, बाजूच्या कड्यावरून, लांबचा वळसा घालून. चेहरा पांढराफटक. म्हणाला, लिनार्ड, तू ऐकलं नाहीस? अख्खं टेकाड खाली बसलं. वुम्म करून. मी म्हटलं, ऐकलं ना. खोटं कशाला बोला, मी त्याला म्हटलं ऐकलं. म्हणाला, आणि तरी चालत राहिलास? मी म्हटलं, म्हणूनच चालत राहिलो.

त्याने माझी काठी धरली आणि आल्या वळशाने मला खाली नेलं.

कुर्दिनलाही ही मधूनच माघारी वळायची खोड होती. निवृत्त झाल्यावर त्यानेच मला या डोंगरांत आणलं. चालता चालता मधेच थांबायचा, मान कलती करायचा, आणि म्हणायचा, चल, आज दुसरीकडून. दमा होता बिचाऱ्याला. मी कधी बोलून दाखवलं नाही.

७ फेब्रुवारी
फाद्रिना स्वतः आली, अक्रोडाचा टार्ट घेऊन. टार्ट आणला की वाईट बातमी असते. म्हणाली, आन्नेताने सगळं सांगितलंय. त्या आवाजाचा अर्थ खालचा कच्चा थर मोडला असा असतो, आणि उतार थोडा आणखी उभा असता तर तू आज फोटोत असतास, हार घातलेला. मी म्हटलं, पण नव्हता ना उभा. म्हणाली, नायराचा आहे. ग्लूनाला जायचं तर तो आडवा ओलांडावाच लागतो, आणि तू पुढे असलास की मागे पाच माणसं असतात.

मग बराच वेळ काही बोलली नाही. किंवा पुटपुटली.

निर्णय असा: मार्चला पुढे कोण, ते मंडळी सत्तावीस तारखेला क्रुशमध्ये ठरवणार. त्याआधी वीस तारखेला ती स्वतः आमच्यासोबत येणार, सुटी काढून. माझी परीक्षा! मीच तिला स्कीवर उभी केली होती. दोन्ही पाय एकाच मोज्यात घालायची तेव्हा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
तयारी. रोज सकाळी खुर्चीत ताठ बसून स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकायचं, असा संकल्प. पहिल्याच दिवशी घड्याळ बंद पडलं. मेंगियाला सांगितलं. ती म्हणाली, चालू आहे. मी म्हटलं, काटे फिरतायत, पण आत काही उरलेलं नाही. ती म्हणाली, कोणाविषयी बोलतोयस?

पुन्हा ते कानाच्या डॉक्टरचं काढलं. म्हणाली, फोन वाजतो, दार वाजतं, मी ओरडते, आणि तू खिडकीत बसून म्हणतोस काय सुंदर शांतता. मी म्हटलं, आहेच. तिने पातेलं आपटलं. म्हणजे, आपटल्यासारखं केलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार
थोडक्यात लिहितो.

निघण्याआधी बीपरची तपासणी पुढच्या माणसाने करायची, ही रीत. प्रत्येकाच्या छातीवर बीपर असतो. तो सतत खुणा पाठवतो, म्हणजे बर्फाखाली गाडला गेला तर माणूस शोधता येतो. पुढच्याने आपला बीपर ऐकण्यावर लावून उभं राहायचं, बाकीच्यांनी अंतर ठेवून एकेक करून समोरून जायचं. प्रत्येकाचा टीट-टीट ऐकू आला की मान हलवायची. पडद्यावर आकडेही दिसतात, पण ते ज्यांचे कान गेलेत त्यांच्यासाठी. मी कधी बघत नाही. डोळे मिटून ऐकतो.

आन्नेता गेली: ठीक. इतर तिघे गेले: ठीक, ठीक, ठीक. झोलिंगर: ठीक आहे म्हणा. फाद्रिना सगळ्यांत शेवटी. बापाचं मन, जरा जास्तच भरून आलं. मी म्हटलं, वा! तुझा तर सगळ्यांत खणखणीत!

ती थांबली. जाकीट उघडलं, बीपर काढून माझ्या हातात दिला. बंद होता. मग बाकीच्यांनीही काढले. सगळे बंद.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मीही हसून वेळ मारून नेली असती. आन्नेता बुटाची दोरी बांधत बसली, तिच्या बुटाला दोरी नसते. झोलिंगर आम्ही गावात उभे असूनही म्हणाला, लिनार्ड, तू बस जरा.

सहल झाली नाही.

२१ फेब्रुवारी
ही फसवणूक आहे. सज्जन माणूस समोरच्याचा बीपर चालू आहे असंच धरून चालतो. याला विश्वास म्हणतात.

शिवाय थंडी होती. शिवाय टोपी कानावर होती. शिवाय जवळून ट्रॅक्टर गेला असावा.

राजीनामा लिहायला घेतला. स्वाभिमानी, पण आकस नसलेला. सुरुवातीला दोन कडवी, शेवटी एक. मी राजीनामा दिला की मंडळी हादरतील, नको नको म्हणतील, आणि मग मी, जड अंतःकरणाने, फक्त या मार्चपुरता, राजी होईन. योजना पक्की.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
क्रुशमध्ये राजीनामा उभा राहून वाचला. शेवटच्या कडव्यात आवाज कापला, तो मुद्दाम नव्हता. बसलो. आता कोणीतरी नको नको म्हणेल.

मालकीणबाईंनी सूप आणलं.

आन्नेताने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, लिनार्ड, तुम्ही आमचं मोठं ओझं हलकं केलंत, हे तुम्हाला कसं सांगायचं याचीच आम्हाला काळजी होती. मग मंडळींनी झोलिंगरला पुढे केलं. हात वर करून. मोजले नाहीत, सगळेच वर होते. माझाही. मला वाटलं, सूप आणखी कोणाला हवंय असं विचारतायत.

झोलिंगर उठला आणि म्हणाला, नायरा इतक्यात नको. खाली तो थर तसाच आहे आणि आता ऊब येतेय. ग्लूना यंदा झालीच नाही तरी चालेल. मंडळींनी माना डोलावल्या! माझ्या ग्लूनाला! दंतवैद्य तो, उपटल्याशिवाय चैन पडत नाही.

५ मार्च
ठरलं. उद्या एकटाच जाणार. नायरा ओलांडून ग्लूनावर उभा राहीन, तिथून फोटो पाठवीन, खाली फक्त एक शब्द: "प्रसन्न." मग बघू कोण हात वर करतं. मेंगियाला सांगितलेलं नाही. तिला म्हटलं, दाढीचं ब्लेड आणायला जातोय.

६ मार्च, गुरुवार. सकाळ.
पट्ट्या स्टोव्हजवळ वाळत घातल्यात. सकाळीच निघायचं होतं, पण कोणीतरी काल रात्री त्या बादलीत बुडवून ठेवल्या होत्या. मेंगिया म्हणते, माऊने पाडल्या असतील. आमच्याकडे मांजर नाही.

हरकत नाही. वाळेपर्यंत टेबलाशी बसून आजचं निरीक्षण लिहून टाकतो. ऊन छान. हवा ऊबदार. पागोळ्या ठिबकतायत. नायराचा उतार समोर खिडकीत, मऊ, भरलेला, बोलावणारा. बर्फ आज गप्प आहे. पूर्ण, गाढ, मंगल गप्प. धोका: एक. फार तर एक. पट्ट्या जवळजवळ वाळल्या. कॉफी संपली की

दुपारी
वरचं वाक्य पूर्ण करत नाही.

लिहिता लिहिता कप बशीवर थरथरायला लागला. मला वाटलं मीच टेबल हलवतोय, म्हणून कोपर उचललं. तरी थरथरत होता. मग दारात मेंगिया, ओल्या हातांनी, डोळे एवढाले, तोंड हलतंय. मी म्हटलं, काय झालं? तिने माझी बाही धरून मला खिडकीकडे वळवलं.

नायरा नव्हता. उताराच्या जागी खडक आणि गवत, आणि खोऱ्यात पांढरा ढग उभा राहत होता, चर्चच्या मनोऱ्याहून उंच, अगदी सावकाश, जसा दूध उतू जाताना येतो तसा. गल्लीत सगळं गाव बाहेर आलेलं. माणसं कानांवर हात ठेवून उभी. अख्ख्या गावात हा आवाज न ऐकलेला मी एकटाच.

फाद्रिनाचा फोन आला असावा, कारण मेंगिया त्यात म्हणत होती, आहे, घरातच आहे, इथे टेबलाशी आहे. तीन-चारदा म्हणाली. तिचे ओठ मी वाचले.

मग ती शेजारच्या खुर्चीत बसून रडली. मी तिला म्हटलं, अगं, मी ब्लेड आणायला जाणार होतो. ती म्हणाली, गधड्या. हे ऐकू आलं, फार जवळून म्हणाली.

निरीक्षण पाठवलं नाही.

२० मार्च, गुरुवार
गेलो. फाद्रिनाने नेलं म्हणून नाही, मला जायचंच होतं. जंगलातली सोपी वाट, ग्लूनाच्या उलट दिशेला. पुढे झोलिंगर. माझी जागा सगळ्यांत शेवटी. शेवटचा माणूसही एक प्रकारे पुढचाच असतो, तोंड फिरवलं की. असं मी आन्नेताला म्हणालो. ती म्हणाली, हो हो, फक्त फिरवू नका.

झाडं संपली, मोकळं माळरान लागलं, आणि सगळे एकदम थांबले. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला कलल्या. मीही थांबलो. चाहूल मला त्यांच्या आधीच लागली होती.

नाही. झोलिंगरचा हात वर दिसला म्हणून थांबलो.

मंडळी अंतर ठेवून एकेक करून मागे वळली. झोलिंगर सगळ्यांना पुढे घालून शेवटी माझ्यापाशी आला. मी त्याला विचारलं, झाला का तो आवाज? त्याने मान डोलावली. दोन हजाराच्या वर होतो, म्हणून मी म्हटलं, मला नाही आला रे. कसा असतो तो, सांग.

त्याने हातमोजा काढला, माझ्या अगदी कानाशी आला आणि म्हणाला, वुम्म.

मी म्हटलं, एवढाच? म्हणाला, एवढाच.

मला वाटलं होतं, निदान एक ओळ तरी असेल.